खेड लोकसभेतले माझे मामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंड स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. मामेभाऊ म्हणाला, "ताई, आबा गेलं." मी म्हटलं, "बरं." माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण त्याच्या थोडंच आधी मी त्यांना भेटून आले होते, आणि त्या भेटीनंतर माझं त्यांच्याशी काही धड उरलं नव्हतं. आता काही आठवडे उलटले. रडू येतं, पण पाठोपाठ संतापही येतो...

न्हावऱ्याचे माझे मामा गावात पैलवान म्हणून ओळखले जात. शाळेशी त्यांचं जमलं नाही, पण खेड लोकसभा मतदारसंघ तोंडपाठ. तो मतदारसंघ आता नाही. जुन्नरच्या डोंगरापासून आंबेगाव, मावळ करत तो खाली शिरूरच्या भीमाकाठापर्यंत पसरलेला होता. न्हावऱ्याच्या माणसाचं तिकडं खेडला काय काम? ना बाजार, ना सोयरीक. तरी मामा "आपलं खेड" म्हणायचे. नदीपलीकडचं आमचं दौंड बारामती मतदारसंघात. "तुम्ही पल्याडचे," असं ते मला मांडीवर घेऊनसुद्धा चिडवायचे. त्यांचा इतिहास सालांवर चालत नसे, मारामाऱ्यांवर चाले. भुवईवरच्या खोकेच्या व्रणावर बोट ठेवून सांगायचे, "ही तवाची, जवा मतांची पेटी इहिरीत टाकाया निघालं व्हतं." मोडून वाकडं जुळलेलं गळ्याचं हाड ही पुढची निवडणूक, जीप जाळली ती त्याच्या पुढची. उमेदवारांची नावं विसरत, पण कुणी कुणाला कुठं हाणलं ते कधी नाही. पेट्या जाऊन मशीन आलं तेव्हा म्हणाले, "आता पळवायचं काय? ह्यात राम न्हाई." आम्ही हसायचो. मग फेररचनेत खेडचं नावच पुसलं गेलं, न्हावरं शिरूर मतदारसंघात आलं. मामांना घास जाईना. "ज्याच्यापायी डोकी फोडली, त्ये असं पुसत्यात व्हय?"

नुसती डोकीच नव्हती. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, डाव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नाही. मतदानाची शाई लावतात ते बोट. आई बाळंतपणाला न्हावऱ्याला गेली होती आणि मी जन्मले नेमकी मतदानाच्या आदल्या दिवशी. आप्पा रेल्वेत होते. रात्रपाळी संपवून, मत न देता, बाजारातून टोपडी-झबली घेऊन लेकीचं तोंड बघायला दुपारच्या एसटीत बसले. इकडं गावात सकाळपासून आवई उठलेली, की दौंडवरून बोगस मतदार येणार. मामांच्या तालमीतल्या पोरांनी येणाऱ्याजाणाऱ्याची बोटं तपासायचं काम धरलं होतं. दुपार टळल्यावर शाईशिवाय गावात शिरणारा म्हणजे बाहेरचा, आणि बाहेरचा म्हणजे बोगस, असा त्यांचा हिशेब. आप्पा उतरले ते उन्हामुळं टॉवेल तोंडाला गुंडाळून. "कुठनं?" "दौंडवरनं." बोटाला शाई नाही. काठ्या बसल्या. टोपडी-झबल्याची पिशवी फाटून धुळीत गेली. मग कुणीतरी त्यांचा हात पाराच्या दगडावर दाबून धरला आणि उसाच्या कोयत्यानं ते बोट उडवलं.

"तोंड झाकल्यालं व्हतं, वळखलं न्हाई बिचाऱ्यांनी," असं आमच्या घरात आप्पाच सांगायचे. कोयता कुणाचा होता, हे ना त्यांनी कधी सांगितलं, ना गावानं. केस केली नाही. आईचं माहेर टिकलं. दर भाऊबीजेला मामा दौंडला यायचे, आईला लुगडं, मला शेंगांचा लाडू, आणि आप्पांचे पाय धरताना मान खाली. मला हा माणूस फार आवडायचा... ते खोटं कसं बोलू?

शेवटच्या भेटीत त्यांनी मामीला बाहेर घालवलं. म्हणाले, "पोरी, दाजींला मी वळखलं व्हतं. पैल्या काठीलाच टावेल सुटला."

"मग?"

"पोरं माझ्या तोंडाकडं बघत व्हती. सकाळधरनं मीच सांगत व्हतो, पल्याडचा सोडायचा न्हाई. पाव्हणा म्हणून सोडला असता तर उद्या गावात मला कोण इचारणार व्हतं?"

मामी चहा घेऊन आली. मी तो तसाच ठेवून निघाले. खेड लोकसभेतली पत! ज्याच्यासाठी हे केलं त्या उमेदवाराचं नावसुद्धा त्यांना आठवत नव्हतं.

दशक्रियेला आप्पा आले. लोकांत बसून पुन्हा तेच, "लई मायेचा माणूस. त्या दिशी वळखलं न्हाई, येवढंच." आई पदराआड रडत होती. ती माहेरी राहिली, आणि मी आप्पांना स्कूटीवर मागं बसवून परत निघाले. भीमेचा पूल ओलांडल्यावर मला राहवेना. गाडी कडेला घेतली आणि सांगून टाकलं, "आप्पा, मामांनी तुम्हाला ओळखलं होतं. मला स्वतः म्हणाले."

आप्पा खाली उतरले. कडेच्या उसाचं एक पान तोडून हातात घेतलं.

"तुझ्या आईला बोलू नगंस," ते म्हणाले. "तिला येकच भाऊ. तिचं माहेर ऱ्हाऊ दे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"कोयता त्याच्याच हातात व्हता, पोरी. वाकून माझ्या कानाशी म्हनला, 'दाजी, बोट ताठ धरा, न्हाईतर पंजा जाईल.'" आप्पांनी डावा हात खिशात घातला. "मी धरलं."