गिरकीताईंचं डावं-उजवं

रविवारी सकाळी आमच्या घरात दूध उतू जातं, वॉशिंग मशीन उतू जातं आणि आमचे हेसुद्धा. त्या रविवारी दूध मी वाचवलं होतं, मशीनच्या पायाशी जुना टॉवेल कोंबला होता. हे मात्र आवरण्यापलीकडे गेले होते. दहा वाजता झेड क्लबची बैठक आमच्याकडे होती आणि ह्यांना नारिंगी टाय सापडत नव्हता. गाडी नारिंगी, म्हणून टाय नारिंगी. लग्नाच्या दिवशी ह्यांनी आरशासमोर एवढा वेळ काढला नव्हता.

झेड ही पन्नासेक वर्षांपूर्वीची जपानी स्पोर्ट्स गाडी. दोन दारं, दोनच माणसांपुरती जागा आणि नाक इतकं लांब, की वळणावर आधी गाडी पोचते आणि चालवणारा मागाहून. पहिली दोनशेचाळीस, मग दोनशेसाठ, मग दोनशेऐंशी, असं ते घराणं वाढत गेलं. आमची पहिल्या पिढीतली. पण गेली दोन वर्षं तिचं चालवणाऱ्याच्या बाजूचं दार लागतच नव्हतं. दाराच्या पोटात लॅच असतं, दार पकडून ठेवणारा लोखंडी खटका. तो झिजून गेला होता. दार माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीनं आतून बांधलेलं, आणि हे पलीकडच्या दारानं शिरून, गिअरवरून पोट सरकवत आपल्या जागेवर जायचे. ते बघायला समोरच्या घरातले नवरा-बायको चहाचे कप घेऊन खिडकीत उभे राहायचे.

टाय फ्रिजवर सापडला आणि तेवढ्यात दार वाजलं.

"बेल असताना दार कोण बडवतंय?" हे आतून ओरडले.

दारात सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. पायांत कापडी बूट, काखेत करडी छत्री, खांद्याला कॅनव्हासची जड पिशवी. हातात आमच्या क्लबचं चारपानी पत्रक. ते पत्रक मीच लिहिते, कारण क्लबमधल्या कुणालाच एक वाक्य संपवून दुसरं सुरू करता येत नाही.

"हे तुमच्याकडचं ना? यात लिहिलंय, या लॅचचा जोड आता जगात कुठंच मिळत नाही."

"हो ना. ह्यांनी सगळीकडं शोधलं."

"माझ्या कपाटात शोधलं नाही," बाई म्हणाल्या. "दोन बस बदलून आलेय. डाव्या दाराचं ना?"

आणि मी हो म्हणायच्या आत त्यांनी पिशवी पोटाशी धरली आणि आमच्या पायपुसण्यावर जागच्या जागी गर्रकन गिरकी घेतली. माझ्याकडे पाठ झाली, डावा हात जरासा उचलला गेला, मान हलली, आणि पुन्हा माझ्याकडे तोंड.

"डावं. आणलंय."

आत काहीतरी पडलं. हे टाय अर्धवट बांधलेल्या अवस्थेत धावत आले. "गिरकीताई! तुम्ही? अहो, तुम्ही अजून..."

"जिवंत आहे. तुमचं पोट वाढलंय, साहेब. पूर्वी तुम्ही खिडकीत आडवे मावायचात."

मी त्यांना आत बसवलं. चहाला नको म्हणाल्या नाहीत, पण पिशवीला कुणाला हात लावू दिला नाही. "आधी सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "हे बसलं, तर माझं एक मागणं आहे. नाही बसलं, तर चहा पिऊन मुकाट निघेन. मग मागणं-बिगणं काही नाही."

"काय मागणं?" मी विचारलं.

"बसू तर द्या आधी."

दहाला क्लब आला. क्लब म्हणजे ह्यांच्याशिवाय आणखी दोघं. एक दातांचे डॉक्टर. त्यांच्या मते दोनशेचाळीसनंतर त्या घराण्यात जे जन्मलं ते सगळं वाया गेलेलं, आणि त्यांची स्वतःची गाडी आहे दोनशेसाठ. हे दुःख त्यांना आतून पोखरतं. दुसरे बेकरीवाले. त्यांच्या दोनशेऐंशीचं छत तुकड्या-तुकड्यांनी काढता येतं आणि ते दर बैठकीला, पावसातसुद्धा, काढून येतात.

"ती गाडी नाही, सोफा आहे," डॉक्टर नेहमीचंच म्हणाले.

"सोफ्यावर बसून आलो तरी तुमच्या आधी पोचलो ना?" बेकरीवाले म्हणाले, आणि मग त्यांना ताई दिसल्या. दोघं तरणेबांड झाल्यासारखे उभे राहिले. पंचावन्न-साठीचे पुरुष, हात मागे बांधून!

"बसा," ताई म्हणाल्या. "इथं खिडकी नाहीये."

ती खिडकी म्हणजे शहरातलं सुट्या भागांचं एक मोठं दुकान. ताई बाविसाव्या वर्षी तिथं टायपिस्ट म्हणून लागल्या. खिडकीवरचा माणूस आजारी पडला म्हणून मालकांनी आठवडाभर त्यांना तिथं बसवलं, त्या एकतीस वर्षांनी उठल्या. समोर जाळीची खिडकी, मागे छतापर्यंत फळ्या. गाडीतल्या प्रत्येक तुकड्याचा नंबर त्यांना पाठ. त्यांनी कधी वहीत बघितलेलं कुणाला आठवत नाही.

"मी पहिल्यांदा गेलो," बेकरीवाले सांगू लागले, "तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून एक पंप नेला होता. ताईंनी कागदसुद्धा सोडला नाही. नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, हा झेडचा नाही, ट्रकचा आहे, कोणी गंडवलं तुला?"

"ट्रकचाच होता," ताई म्हणाल्या.

"मला तर मागच्या रांगेतल्यांसमोर म्हणाल्या," हे म्हणाले, "कार्ब्युरेटर साफ कर, नवा कशाला मागतोस, बापाचा पैसा उतू चाललाय का?"

"साफ केलात ना?"

"केला. चालली."

"मग?"

डॉक्टर चष्मा पुसत होते. बेकरीवाल्यांनी त्यांना कोपर मारलं. "सांगा की. ह्यांना दिवा हवा होता, ताई, पण तुमच्यासमोर आले आणि दिव्याचं नावच विसरले. अर्धा तास रांग अडवून डोळे मिचकावत राहिले. शेवटी तुम्हीच म्हणालात, इंडिकेटर का?"

हसून हसून माझ्या हातातल्या बशीतली बिस्किटं उडाली. ताई हसल्या नाहीत. पण बोटांनी पिशवीवर ताल धरला होता.

"पण ही गिरकी कसली?" मी विचारलं. मला राहवेना.

"पहिल्या आठवड्यातली चूक आहे ती," ताई म्हणाल्या. "एक टॅक्सीवाला लांबून आला होता. त्याला उजवी काच हवी होती, मी डावी दिली. बिचारा दोन दिवस पावसात भिजत टॅक्सी चालवत होता. मग जुन्या स्टोअरकीपरनं सांगितलं, गाडीचं डावं म्हणजे आत बसलेल्याचं डावं, समोरून बघणाऱ्याचं नव्हे. आता मी कुठं बसलेय गाडीत? म्हणून मग फिरायचं. गिऱ्हाइकाकडं पाठ केली की मी आत बसले. लोक हसायचे. हसू देत. त्यानंतर एकतीस वर्षांत काच परत आली नाही."

"म्हणजे तुम्ही झेडमध्ये कधी..." मी विचारलं.

"बसणं सोडा, मी ती अख्खी पाहिलेलीच नाही."

"म्हणजे?" चौघंही एकदम ओरडलो.

"कुठं बघणार?" ताई म्हणाल्या. "गाडी मोडली की माणूस माझ्याकडं यायचा. म्हणजे पायीच यायचा! एकदा बसमधून एकीची पाठ दिसली, तीही सिग्नल सुटल्यावर. माझी झेड चौदा फळ्यांची होती. बिजागऱ्या दुसऱ्या फळीवर, काचा भिंतीशी उभ्या, रबरी पट्ट्या खुंटीला. हँडलं माझ्या उशाशी. सगळी मला तोंडपाठ. पण माणसाचे कान, नाक, कोपर वेगवेगळे बघितले, म्हणून माणूस भेटला असं होतं का?"

मग त्यांनी पिशवी उघडली. मेणकागदात गुंडाळलेला एक पुठ्ठ्याचा डबा. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी सगळ्यांना म्हटलं, हवं ते आठवण म्हणून न्या. कुणी पंखा नेला, कुणी घड्याळ. ताईंनी हे लॅच नेलं. दुपारी खिडकीवर कुणी नसलं की त्या ते हातात धरून अंगठ्यानं दाबत बसायच्या. खट्. सोडायच्या. पुन्हा खट्.

त्यांनी आत्ताही दाबलं. खट्! तेल पाजलेलं, कोरं करकरीत.

हे आनंदानं टेबलाभोवती नाचायचे बाकी होते. डॉक्टरांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला, दाढ तपासावी तसं ते उलटसुलट केलं आणि हळूच खाली ठेवलं.

"ताई, हे डाव्या दाराचं आहे."

"डाव्याचंच लिहिलंय."

"पण ह्यांचं उजवं गेलंय. चालवणाऱ्याच्या बाजूचं!"

ताईंची पिशवीवरची बोटं थांबली. मी पत्रक उचललं. माझ्याच अक्षरांत, म्हणजे माझ्याच टायपात, स्वच्छ लिहिलं होतं: 'डाव्या दाराचे लॅच'. आणि मला लख्ख आठवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मी ते लिहिलं होतं. गाडी नाक घराकडे करून उभी. दोरीचं दार मला डाव्या हाताला दिसत होतं!

"माझी चूक," मी म्हणाले. कान तापले होते. "मी समोरून बघून लिहिलं."

"आणि तुम्ही वाचलं नाहीत?" बेकरीवाले ह्यांच्यावर घसरले.

"मी फक्त माझ्या आठवणींचं पान वाचतो," हे पुटपुटले.

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा परत," डॉक्टर म्हणाले. खरं तर हळहळून म्हणाले, पण लागायचं ते लागलंच. ताईंनी लॅच मेणकागदात गुंडाळलं. घडीवर घडी. डबा बंद केला. आता ह्या उठणार, आणि ते मागणं त्यांच्याबरोबर दोन बस बदलून परत जाणार, असं वाटून मी उठलेच.

ताईंनी डबा पिशवीत ठेवला आणि त्याच पिशवीतून दुसरा डबा काढला.

"तोंडं कशाला एवढीशी केलीत?" त्या म्हणाल्या. "बाई चुकली म्हणून नाही, सगळेच समोरून बघून बोलतात. गिऱ्हाईक डावं म्हणालं की मी उजवंही काढून ठेवायचे. जोडीच नेली होती मी घरी."

बेकरीवाल्यांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून समोरचे नवरा-बायको कप न घेताच खिडकीत आले.

"थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले. "हे नंतरच्या वर्षातलं दिसतंय. ह्यांच्या दाराच्या भोकांशी जुळायचं नाही."

ताईंनी एक गिरकी घेतली, बहुधा सवयीनं. "जुळेल."

सगळे अंगणात. ह्यांनी गाडीवरची चादर ओढली, आणि ताई जिथल्या तिथं थबकल्या. मग एकदम चालायला लागल्या. गाडीभोवती, भरभर, हात न लावता, बोट दाखवत. "बिजागरी... हो. काच... हो. अगं बाई, ही पट्टी इथं असते? मला वाटायचं खाली! आणि हे हँडल... अय्या, हे एवढुसं दिसतं होय गाडीवर?" लग्नघरात आलेल्या मावशीनं एकेकाच्या गालाला हात लावत फिरावं, तशा त्या फिरत होत्या. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीत बेकरीवालेही त्यांच्यामागून फिरायला लागले, का ते त्यांनाही माहीत नसावं. मग टाय उडवत हे. मग डॉक्टर. मी हात पुसायचा टॉवेल घेऊन हसत उभी.

दोरी मीच सोडली. हे पान्यांची पेटी घेऊन दाराशी गुडघ्यांवर बसले. जुनं लॅच निघालं, नवं आत सरकलं. डॉक्टर नाक घालून बघत होते. ताई मात्र बघत नव्हत्या. पाठ फिरवून, डोळे मिटून उभ्या होत्या, पिशवी पोटाशी.

"पहिला स्क्रू..." हे म्हणाले. "बसला."

"दुसरा?"

"बसला."

तिसऱ्याला जरा वेळ लागला. माझ्या हातातला टॉवेल मी पिळत होते, कोरडाच.

"बसला!"

डॉक्टर सरळ झाले. चष्मा नाकावर आणला. "ताई," ते म्हणाले, "माझ्या दोनशेसाठचं काही लागलं तर..."

"तुमचा इंडिकेटर आधी नीट करा."

"लावा दार! लावा!" बेकरीवाले नाचत होते. ह्यांनी दाराला हात घातला. दोन वर्षांनी. नुसतं ढकलायचं बाकी होतं.

"थांबा," ताई म्हणाल्या.

ह्यांचा हात तसाच राहिला.

"बसलंय ना? मग माझं मागणं." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. छत्रीही दिली. कापडी बुटांची धूळ आमच्या पायपुसण्यावर पुसून आल्या. "मला फेरी नको, चालवायला तर येतच नाही. मला फक्त आत बसू द्या, आणि हे दार आतून मी लावणार."