मंगळवारी आलेली माणसं

दप्तरखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळं ऑफिस दप्तरमावशी म्हणायचं. कुठला कागद कुठल्या रॅकवर आहे हे ती बसल्या जागेवरून सांगे. तोंडाने फटकळ, हाताने मात्र अशी हळुवार की जुन्या वहीचं पान उलटताना श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायची. अशा बाईच्या सासूचं घर एका नोंदीपायी जावं, याचा तिला भयंकर संताप आला होता.

सासूचं घर नदीच्या मुखाशी, चिखलात रोवलेल्या खांबांवर. तिचे लोक तिथे केव्हापासून राहतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीच्या माहेरचे पूर्वज मागाहून जहाजांनी आले. त्यांच्यानंतर खाणीत कामाला आलेले, त्यांच्यानंतर लढाईतून जीव घेऊन पळालेले. सगळ्यांनी मिळून शहर उभं केलं, एकमेकांना यथेच्छ नावं ठेवली आणि एकमेकांच्याच मुली सुना करून आणल्या. आता काठावर मालधक्का होणार होता आणि त्यासाठी तिथली घरं पाडायची होती. जहाजं येण्याआधीपासून राहणाऱ्यांची घरं तेवढी वगळायची, असा नियम निघाला. म्हणजे खरं तर सासूने निर्धास्त असायला हवं होतं.

पण सरकारी नोंदवहीत ‘येथे कधी आले’ असा एक रकाना होता. जहाजांनंतर चाळीस वर्षांनी कुणी कारकून ती वही बगलेत मारून काठावर गेला. त्याने त्रेचाळीस घरांत हा प्रश्न विचारला, आणि त्रेचाळीस घरांनी नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रकाना रिकामा ठेवला तर वरून बोलणी बसणार. पठ्ठ्याने सरळ त्या दिवसाचीच तारीख ठोकून दिली. त्यामुळे सरकारदरबारी ही सगळी माणसं एकाच मंगळवारी, बहुधा जेवणाच्या सुट्टीच्या आधी, या देशात अवतरली होती.

“मी कुठून येणार गं?” सासू म्हणाली. “आम्ही होतोच की.”

“आई, ‘होतोच’ला तारीख लागते.”

“मग विचार जा त्या मेल्याला, ज्याने ती लिहिली!”

शुक्रवारी सुनावणी होती आणि साहेबांना लेखी पुरावा हवा होता. सासूच्या लोकांत लिहिण्याची रीतच नव्हती. मावशीने तीन दिवस काठाचे नकाशे, मोजणीचे कागद, जुने खटले, सगळं पालथं घातलं. नकाशात काठावर एकच शब्द सापडला, ‘चिखल’. जेवणावरचं मन उडालं. म्हातारीला दुसरीकडे नेलं तर ती महिनाभरही जगायची नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

गुरुवारी दुपारी ती स्टुलावर मटकन बसली. यांनी काही लिहिलं नाही, ठीक. पण आपल्या माहेरच्यांनी तर नको तितकं लिहून ठेवलंय, असं तिच्या मनात आलं. मग तिने जहाजांतून उतरलेल्यांच्या नोंदवह्या काढल्या.

इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं तेच, आणि ती बघतच राहिली. जहाजं काठापासून लांब थांबत. मधल्या चिखलात परका माणूस कमरेपर्यंत रुतायचा, म्हणून काठावरचे लोक फळीवर बसवून एकेकाला ओढत आणायचे. प्रवासी पोचल्याची खात्री म्हणून, आणणाऱ्याची खूण शेवटच्या रकान्यात घेतलेली होती. पहिल्या जहाजाच्या पहिल्या पानापासून! पणजोबा शोधत येणाऱ्यांना मावशीने या पानांच्या हजारो नकला काढून दिल्या होत्या. नकलेचा कागद अरुंद, म्हणून शेवटचा रकाना सगळेच गाळायचे. तीही गाळायची. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

सुनावणीत साहेबांनी वही लांबूनच पाहिली. “खुणा कुणाच्याही असतील.”

“प्रत्येक घराची वल्ह्यावर कोरायची खूण असते, साहेब. माझ्या सासूला तिची काढायला सांगा. वही तिने पाहिलेली नाही.”

सासूने साहेबांचंच पेन घेतलं. “किती गुळगुळीत आहे मेलं,” म्हणत तिने माशाचा काटा आणि बाजूला दोन ठिपके काढले. साहेबांनी पान उलटलं. माशाचा काटा, दोन ठिपके. आणखी उलटलं, पुन्हा तेच. मग काठावरचे बाकीचे म्हातारे एकेक करून पुढे आले. अकरावी खूण जुळल्यावर साहेबांनी चष्मा काढला आणि त्रेचाळीसही घरं वगळल्याचा आदेश लिहायला घेतला.

बाहेरच्या बाकावर मावशी हमसून हमसून रडली. छातीवरचा धोंडा उतरला होता. सासू तिची पाठ चोळत म्हणाली, “आणि तुझ्या लोकांना कुणी आणलं गं?”

मावशीने ते पाहिलंच नव्हतं. दोघी दप्तरखान्यात गेल्या. तिसऱ्या जहाजाच्या पानावर मावशीची पणजी सापडली. वय चार, सोबत कुणी नाही, ताप. पुढे खूण होती, दोन आडव्या रेघा.

सासूचा चेहरा पडला. “ही तर आमच्या शेजारणीच्या घरची.” त्या शेजारणीशी ती वीस वर्षं बोलत नव्हती. भांडण कशावरून झालं होतं, ते दोघींनाही आठवत नव्हतं.

संध्याकाळी काठावर पोचल्यावर सासू स्वतःच्या घराकडे वळली, थांबली, आणि शेजारच्या शिडीशी जाऊन उभी राहिली.

“अगं ए,” तिने वर बघून हाक मारली, “घर राहिलं तुझं! आणि खाली ये जरा. तुमच्या लोकांनी तापलेलं पोर चिखलातून आणलं होतं ना, त्याची ही पणती. माझी सून आहे.”

वर दार करकरलं. “मग खाली काय उभ्या आहात?” शेजारीण म्हणाली. “या की वर.”