पाणी चाखणारे काका

आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर राहणारे काका बिअरला शिवतही नाहीत. पण घरी केलेली माझी बिअर प्लास्टिकच्या वासाने दुसऱ्यांदा वाया गेली आणि मी सगळं सामान टाकून द्यायला निघालो, तेव्हा तेच खाली आले.

"पाणी कशाने भरतोस?"

"झाडांना पाणी घालायच्या पाइपने."

"हं."

शनिवारी त्यांनी तीन पाइपांचे तुकडे आणले. प्रत्येकावर पाय देऊन तो चेपतो का ते पाहिले, मग पाणी भरून दिवसभर सिंगापूरच्या उन्हात ठेवले. संध्याकाळी स्वतः एकेक घोट चाखला. दोन थुंकले, तिसरा गिळला. "हा पाइप घे. बिअर नाही, पण पाणी मला कळतं."

पुढची बिअर झकास झाली. मी ग्लास पुढे केला. त्याला बराच वेळ नाक लावून ते हळूच म्हणाले, "पास! फक्त वास घेतला हं, काकूला सांगू नकोस."