छटाकसाहेबांची देणगी

छटाकसाहेबांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल तेवढंच. सारा बाजार त्यांना छटाकसाहेब म्हणूनच ओळखायचा. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. हातात पितळी वजनांची मखमली पेटी, खिशात भिंग, आणि चेहऱ्यावर कायम एकच भाव: समोरचा माणूस चोर आहे हे ठरलेलंच आहे, किती ग्रॅमचा आहे तेवढंच बघायचंय.

एकदा एका किराणावाल्याच्या पारड्याखाली हरभऱ्याएवढा मेणाचा गोळा निघाला. दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, मेणबत्ती सांडली असेल हो."

साहेब म्हणाले, "खालून वर सांडते होय तुमची मेणबत्ती?"

हा किस्सा ते प्रत्येक लग्नात सांगायचे. एकदा तर त्याच किराणावाल्याच्या मुलीच्या लग्नात, त्याच्याच पंगतीत बसून सांगितला. मुलीचा बाप वाढायला वाकलेला होता, तो तसाच वाकलेला राहिला.

तर अशा माणसाच्या हातात त्याच्या थोरल्या बहिणीनं दानधर्म सोपवला.

ही ताई जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. दोन खोल्यांचं छोटं घर तेवढं स्वतःच्या कमाईचं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते विकलं आणि एकट्या राहणाऱ्या विधुर भावाकडं राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिनं फर्मान काढलं.

"धाकट्या, घराचे आलेत ते पैसे चांगल्या कामाला द्यायचे. पण माझ्या डोळ्यांदेखत. मी गेल्यावर माझ्या फोटोला काय कळणार, ते कुठं गेले ते!"

"कुणाला द्यायचे?" एकाहत्तर वर्षांच्या धाकट्यानं विचारलं.

"ते तू शोध. जन्मभर लोकांचे काटे तपासलेस ना?"

झालं! ताईचं चुकलं ते इथं. साहेबांना निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी पुन्हा अंगात वारं भरल्यासारखं झालं. त्यांनी नवी वही आणली, पट्टीनं रकाने आखले, बुटाला पॉलिश केलं आणि न कळवता तपासणीला निघाले.

पहिली गेली अंधशाळा. तिथल्या मुख्याध्यापिकेनं प्रेमानं बसवलं, कपबशीत चहा दिला, वर दोन बिस्किटं. साहेबांनी बशी उलटी करून कंपनीचा शिक्का वाचला. घरी येऊन ताईला म्हणाले, "बाद. देणगीच्या पैशातून नक्षीच्या बशा वापरतात."

दुसरं होतं भटक्या कुत्र्यांचं आसरागृह. तिथला पोरगेला डॉक्टर एका हातानं कुत्र्याचा पाय धरून दुसऱ्या हातानं पट्टी बांधत होता. तो म्हणाला, "काका, जरा थांबा हं." साहेब अर्धा तास थांबले. "बाद. आल्यागेल्याला पाणी विचारायची पद्धत नाही."

"चहा दिला तर उधळे, नाही दिला तर उर्मट," ताई म्हणाली. "मग त्यांनी करायचं काय?"

"मध्यम चहा द्यावा. साध्या पेल्यात."

"आणि बिस्किट?"

"एक," साहेब विचार करून म्हणाले.

आता, साहेब सगळीकडं चुकतच होते असं नाही. एका मोठ्या प्रतिष्ठानाच्या कार्यक्रमाला ते गेले होते. अकरा पांघरुणं वाटायची होती आणि व्यासपीठावर पाहुणे एकोणीस. प्रत्येक पांघरुणाला कुणाकुणाचे हात लागावेत यावरून तिथं जुंपली. एका म्हाताऱ्याला फोटो नीट न आल्यामुळं तेच पांघरूण तीनदा दिलं, दोनदा काढून घेतलं. ती संस्था साहेबांनी बाद केली ते ठीकच केलं. पण त्या म्हाताऱ्याला पांघरूण निदान मिळालं तरी. साहेबांच्या वहीत मात्र दीड वर्षात तेवीस संस्था आल्या, तेवीस बाद झाल्या, आणि ताईचा पैसा बँकेत जाग्यावरच. ताई दर रविवारी विचारायची, "दिलास का रे?" साहेब म्हणायचे, "तपासणी चालू आहे." ताईचं वय मात्र चालूच होतं, ते काही तपासणीसाठी थांबत नव्हतं.

चोविसावी जागा सायकलच्या दुकानामागची एक पत्र्याची शेड. तिथं पाना-मास्तर बसायचा. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, मागच्या खिशात सदानकदा पाना. लोकांनी टाकून दिलेल्या चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, हँडल फिरवून डोकं वर करता येणाऱ्या दवाखान्याच्या लोखंडी खाटा तो आणायचा, दुरुस्त करायचा आणि घरी आजारी माणूस असलेल्यांना फुकट वापरायला द्यायचा.

"माणूस बरा झाला की वस्तू परत," मास्तरनं पद्धत सांगितली. "माणूस गेला तरी वस्तू परत. आमचं कुणाशी वाकडं नाही. खाटा मात्र दोनच आहेत, त्या पुरत नाहीत. आणखी चार मिळाल्या तर बघा."

साहेबांनी पट्टी काढून खाटेची लांबी-रुंदी-उंची मोजली. हँडल वीस वेळा फिरवलं. चहा आला तो साध्या पेल्यात, मध्यम, बरोबर एक बिस्किट. साहेबांच्या काळजाचा ठोका चुकला. ते पेन उघडून 'मंजूर' लिहिणार, इतक्यात दाराशी त्यांना वजनाचा काटा दिसला. ज्याच्यावर माणूस उभा राहतो तसला. सवयच ती, साहेब चढले. काट्यानं त्यांचं वजन दोन किलो कमी दाखवलं.

"याच्यावर शिक्का कुठाय?" साहेबांचा आवाज एकदम खात्यातला झाला.

"कसला शिक्का? भंगारात आलाय तो. दार वाऱ्यानं आपटतं म्हणून मी अडसरासारखा लावलाय."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, मग पुन्हा उघडलं आणि वहीत लिहिलं: 'काटा अप्रमाणित. विश्वासार्हता संशयास्पद. फेरतपासणी आवश्यक.'

ताईनं ते वाचून चष्मा काढला. "दार अडवायला ठेवलेला काटा खोटं बोलला म्हणून तू खाटा नाही दिल्यास?"

"आज काटा, उद्या खाट. सुरुवात अशीच होते, ताई."

"मग फेरतपासणी कधी?"

"करतो की."

त्या 'करतो की'ला दीड वर्ष झालं, आणि एका सकाळी ताई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "डोक्याकडची बाजू वर करता येईल अशी खाट लागेल. दोनेक महिने."

साहेब दुकानात गेले, किंमत ऐकली आणि बाहेर आले. दोन महिन्यांसाठी एवढा खर्च? तेवढ्यात दवाखान्यातल्या आयाबाईनं सांगितलं, "विकत कशाला घेता बाबा? सायकलच्या दुकानामागं शेड आहे, तिथं फुकट मिळते."

फुकट म्हटल्यावर साहेबांना शिक्का आठवला नाही. ते तडक शेडवर गेले. मास्तर एका खुर्चीखाली आडवा पडून चाक बसवत होता, बाहेर नुसते पाय.

"खाट हवी होती."

"भिंतीवरच्या पाटीवर नाव लिहा," पाय म्हणाले. "पाचवा नंबर आहे."

"पाचवा? मग मिळणार कधी?"

"दोनच खाटा आहेत, दोन्ही बाहेर आहेत. सहा झाल्या असत्या हो! दीड वर्षापूर्वी एक गृहस्थ आले होते. खाट अशी मोजली, अशी मोजली, मला वाटलं स्वतःच्याच मापाची बघतायत. हँडल फिरवून फिरवून सैल केलं. चहा प्याले. मग त्या काट्यावर उभे राहिले आणि गेले ते गेले."

"का बरं?" साहेबांनी घसा खाकरत विचारलं. न विचारते तर बरं झालं असतं.

"काट्यानं दोन किलो कमी दाखवलं म्हणून! एवढं आयुष्य गेलं, पण वजन कमी भरलं म्हणून रागावलेला माणूस मी तो एकच बघितला." असं म्हणून मास्तर हसत हसत खुर्चीखालून बाहेर आला, समोर बघितलं, आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

दार वाऱ्यानं काट्यावर हळूच आपटलं. मग मास्तर म्हणाला, "बसा. चहा घ्या."

आजही चहा मध्यमच होता. साहेबांनी पेला तसाच खाली ठेवला. बिस्किटाला त्यांनी हातच लावला नाही.

घरी ताई साहेबांच्याच बुटक्या पलंगावर पडली होती. तिला उठवून बसवायला दोन माणसं लागत. शेजारीण यायची, आणि उठवताना ताईचं तोंड कळवळायचं.

"मिळाली खाट?"

"पाचवा नंबर."

साहेबांचा एक गुण मात्र मानला पाहिजे. मापात मारणं त्यांना स्वतःच्या बाबतीतही जमलं नाही. पाय काय म्हणाले, आपण काय विचारलं, सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. ताई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"हसवू नकोस मेल्या, टाके ओढतात!" मग तिनं डोळे पुसले. म्हणाली, "म्हणजे माझ्यापुढं चार माणसं आहेत. चौघंही अशीच पडलीयत, कळवळत. तुझ्या वहीत त्यांचा रकाना कुठला रे?"

साहेबांनी वही उशाशी होती ती पाठीमागं सरकवली.

"उद्या पाच खाटा घ्यायच्या," ताई म्हणाली. "आणि उरतील तेही पैसे तिथंच. चार खाटा त्या चौघांना. पाचवी मला."

"अगं, आपल्याच पैशाच्या खाटा, तर पहिली तुला..."

"मी चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय. नंबर मोडायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दुकानात पाच खाटांचे पैसे भरले आणि उरलेल्या पैशांचा चेक घेऊन शेडवर गेले. नव्या खाटा दुकानातून येऊन पडल्याच होत्या. मास्तर एका खाटेचं एक टोक धरून उभा होता.

"चेक ठेवा तिथं काट्यावर," तो म्हणाला. "आधी हे टोक धरा. तिसरा मजला आहे, जिना अरुंद आहे."

आयुष्यभर साहेबांनी वजनं चिमट्यानं उचलली होती. पहिल्या वळणावर त्यांना धाप लागली, दुसऱ्यावर कंबर बोलायला लागली. तरी वरच्या पायरीवरून मास्तरनं डिवचलंच, "काय साहेब, किती असेल?"

"अठ्ठावन्न किलो," साहेब खात्रीनं म्हणाले.

"बासष्ट. तुमच्या हाताखालीच छापलंय."

साहेबांनी वाकून वाचलं. बासष्टच. चार किलोची चूक! दहा ग्रॅमसाठी त्यांनी माणसांना कोर्टात उभं केलं होतं. मास्तरनं 'चला' म्हणून आपलं टोक पुढच्या पायरीवर चढवलं.

वर एक रंगारी महिनाभर जमिनीवरच्या गादीवर पडून होता. त्याला खाटेवर घेतला, मास्तरनं हँडल फिरवलं, तसं त्याचं डोकं हळूहळू खिडकीच्या उंचीला आलं. तो बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "समोरच्या इमारतीला रंग कधी दिला गं? कसा वाईट दिलाय!" बायको तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, ते साहेबांना मोजता आलं नाही.

चौथ्या दिवशी ताईची खाट आली. तोवर ती बुटक्या पलंगावर तशीच पडून राहिली, नंबर सोडला नाही. साहेबांनी स्वतः हँडल फिरवलं. ताई कुणाचा हात न लागता उठून बसली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "दिलास का रे?"

"दिला."

"मग आता बोल. काम चांगलं आहे का?"

साहेब घुटमळले. "काम चांगलं आहे. पण तो काटा अजून दोन किलो..."

"मग जा आणि नीट कर जा!"

साहेब गेले. पाच दिवस खपून त्यांनी काटा उघडला, झिजलेली स्प्रिंग बदलली, आपल्या पितळी वजनांनी पुन्हा पुन्हा ताडून बघितला. आता तो काटा ग्रॅमला ग्रॅम खरा बोलतो. मास्तरनं त्याला मानानं टेबलावर ठेवलाय. मात्र त्यामुळं दार पुन्हा आपटायला लागलं. पुष्कळ शोधूनही तेवढं जड आणि बिनकामाचं दुसरं काही मिळेना. शेवटी साहेबांनीच काखेतली पेटी काढून दाराला लावली. चौतीस वर्षं बाजाराची झोप उडवणारी ती मखमली पेटी आता रोज सकाळी दहा ते सहा दार अडवून बसते, आणि साहेब आत खुर्च्यांच्या चाकांना तेल घालतात.