सोनोग्राफीआधीचा धबधबा

१२ फेब्रुवारी २००३, सकाळी साडेदहा. मुतखड्याच्या शंकेवरून पोटाची सोनोग्राफी करायची होती, म्हणून मी पंचवटीतील एका इमारतीत भरपूर पाणी पिऊन बसलो होतो. तपासणी होईपर्यंत लघवीला जायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. माझ्यापुढे बरेच जण होते.

शेजारच्या खोलीत मेंदूच्या लहरी शांत करण्याचे नवे केंद्र निघाले होते. पहिली बैठक मोफत होती. पत्नी म्हणाली, "अहो, इथे लोकांवर खेकसत बसण्यापेक्षा तिकडे जाऊन पडा थोडे."

तेथील तरुणाने मला आरामखुर्चीत निजवले आणि कानांवर हेडफोन चढवले. हे आणि सोनोग्राफी यांत फरक काय, असे मी विचारले.

"काका, सोनोग्राफीचा आवाज कानाला ऐकूच येत नाही. त्याने फक्त पोटातलं दिसतं. आमचा आवाज ऐकू येतो आणि त्याने मेंदू शांत होतो. आता डोळे मिटा, पोट सैल सोडा."

आवाज धबधब्याचा होता. मी दात आवळून बराच वेळ तग धरला. मग हेडफोन वायरीसकट गळ्यात असतानाच शौचालय गाठले.

परतलो तेव्हा माझे नाव पुकारले जात होते. परिचारिकेने सारे ऐकून घेतले. "पुन्हा पाणी प्या, आजोबा. संध्याकाळी या."

"कशी वाटली थेरपी?" पत्नीने विचारले.

"परिणामकारक," मी म्हणालो.

संध्याकाळी तपासणी झाली. खडा बारीक होता. भरपूर पाणी प्यायल्यास पडून जाईल, असे डॉक्टर म्हणाले. निजण्यापूर्वी मी उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.