भोवत्याले दोन साक्षीदार

आमच्याकडे पक्षी मोजायचं एक रजिस्टर आहे. पुढून पक्षी लिहितो, मागून किस्से. यंदा किस्से इतके झाले की मधात दोनच पानं कोरी राहिली!

आमी म्हणजे तिघं. अकोल्याच्या जठारपेठेतले वकीलकाका, मूर्तिजापूरजवळचे शेतकरी गजाननभाऊ, आणि मी. मले कोणी सिरीयसली घेत नाही.

मोजतो काय, तं भोवत्या. शिकारी पक्षी. पावसाळा सरला की थंडीच्या देशातून उडत उडत वऱ्हाडात येते. दिवसभर तुरीवरून, कपाशीवरून फिरते, अन् झोपाले झाड नाही लागत त्याले! उंच गवतात, जमिनीवर उतरते. तसं गवत उरलं गजाननभाऊच्या गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी माळावर. अन् तेच कापून सरपंचाले क्रिकेटचं मैदान करायचं होतं!

सरपंच म्हणे, "एका संध्याकाळी पंचवीस उतरलेले दाखवा, गवत ठेवतो. नाही तं सोमवारी ट्रॅक्टर!"

हातात एक आठवडा.

*

वकीलकाकांचा नियम एकच. दोघांनी पाहिला तरच पक्षी मोजणीत धरायचा.

पहिल्याच दिवशी गजाननभाऊ ओरडले, "आला!"

"कोणत्या दिशेनं?"

"नाल्याकडून."

"पाठ दिसली की पोट?"

"पाठ."

"तुम्ही खाली, पक्षी वर. पाठ कशी दिसली?"

गजाननभाऊनं दुर्बीण गळ्यातून काढली. "साहेब, मी साक्षीदार आहो का आरोपी?"

*

गवताचा भारा घेऊन एक आजी चालल्या होत्या. आमी तिघं माना वर करून उभे. त्या म्हणे, "काय हरपलं बाप्पा वर?"

मी म्हटलं, "मागच्या साली गेले तेवढे वापस आले का, पाहून राहिलो."

मी मजाक केली. आजीनं भारा खाली ठेवला, डोळ्यांवर हात धरला.

"मंग? आले काय सारे?"

दुसऱ्या दिवशी आमच्या आधी येऊन बसल्या! म्हणे, "तीन उतरले. कावून उशीर केला?"

वकीलकाकांनी तीन धरले नाही. आजी एकट्या होत्या.

*

आता माझा गुन्हा. संक्रांतीची उरलेली काळी पतंग मी दोऱ्यानं बाभळीले बांधली. हवा आली की गवतावर मस्त गिरकी घ्यायची.

"भोवत्या!" वकीलकाका.

"पायला!" गजाननभाऊ.

दोन साक्षीदार. पक्का पुरावा! रजिस्टरात चढला. तेवढ्यात खरा भोवत्या आला, पतंगीवरून एक चक्कर मारली अन् सरळ निघून गेला.

गजाननभाऊ हळूच म्हणे, "पाखरू नाही फसलं साहेब. आपनच फसलो."

वकीलकाकांनी लाल पेनानं लिहिलं, 'साक्षीदार क्रमांक तीन विश्वासार्ह नाही. याचं पाहणं धरू नये.'

"किती दिवस?" मी विचारलं.

"अपील नाही."

*

रविवार. शेवटची संध्याकाळ. आतापर्यंत सगळ्यात जास्त झाले होते एकोणीस.

सरपंच स्वतः आले. सोबत टीमचा कॅप्टन राजू, पिचची लाईन आखाले चुन्याची थैली घेऊन! सरपंच त्याच टीमचे विकेटकीपर. बसल्या बसल्या बोलले, "लावा टाइम. पाहू तुमचे पाहुणे."

अन् काय उतरू लागले! दहा, पंधरा, वीस. बाविसाव्याले त्यांनी राजूले दटावलं, "हालू नको बे, पाखरं बिचकते!"

चोवीस झाले. मंग काहीच नाही. गजाननभाऊ नाल्यापलीकडे शेळ्या अडवाले गेलते. वकीलकाकांनी रजिस्टरात मान घातली. "चोवीस. सूर्य मावळला, वेळ संपली."

"थांबा!" सरपंच उभेच झाले. "थो बाभळीमागून आला, उतरला! पंचवीस!"

"मी पाहिला नाही. आणखी कोणी?"

मी हात वर केला.

"तू खाली घे."

सरपंच भडकले. "मी सरपंच आहो! माझ्या सहीनं गावाचे दाखले निघते!"

"दाखले निघतील. पक्षी निघणार नाही."

आता सगळे राजूकडे पाहू लागले. त्याच्या हातात चुना, समोर त्याचं मैदान. त्यानं गवताकडे पाहिलं, सरपंचाकडे पाहिलं, अन् थैली खाली ठेवली.

"पायला ना. एक नाही, दोन होते."

वकीलकाकांनी पेनाचं टोपण उघडलं, पंचवीस लिहिलं अन् मान वर केली.

"दुसरा आणखी कोणी पाहिला?"