हमदीनमामांचा बाहेरचा साक्षीदार

हमदीनमामा तुर्कस्तानातल्या दियारबाकर शहरात राहायला आले तेव्हा त्यांची बोटं अजून काळी होती. त्यांच्या गावी, गूझानमध्ये, अक्रोड सोलले की तो डाग हिवाळाभर जात नसे. त्या वर्षी अक्रोड उतरले आणि लगेच सरकारी गणवेशातल्या माणसांनी गाव पेटवलं. शहरात डाग फिकट होत गेला. मामा अधूनमधून हात खिडकीच्या उजेडात धरून बघायचे.

गूझान माझं आजोळ. उन्हाळ्यात आम्ही घराच्या मातीच्या सपाट धाब्यावर झोपायचो. एलाझी शहरातला नुसरेत कल्हईवाला आला की नवसागराचा धूर अंगणभर पसरायचा. तो मामांकडेच उतरायचा आणि आमच्या कुर्दी भाषेत मोडकंतोडकं बोलत बायकांशी भांडायचा.

मामांचा खटला झेलाल वकीलबाईंकडे होता. सरकारी वकिलाकडे दिलेला अर्ज पडून होता. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात घर जळल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला हवं, उशिराचा अर्ज ते ऐकूनच घेत नाहीत, असं बाईंनी परोपरीनं सांगितलं. मामांना ते पटेना. एकाकडे गाऱ्हाणं दिलंय, त्याच्या उत्तराआधी दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे पहिल्याचा अपमान, असा गावचा रिवाज.

"मामा, ते उत्तर देणार नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि मुदत संपली की हेच विचारतील, इतके दिवस कुठे होतात?"

मामांनी अखेर अंगठा दिला. मग पुराव्याचा प्रश्न आला. घर होतं आणि ते मामांचं होतं, हे दाखवायचं मामांनीच. गूझानमध्ये जमिनीला कागद नव्हते, हद्दीला अक्रोडाची झाडं होती. फोटो घराबरोबर जळले. नातेवाइकांच्या साक्षीवर सरकार हसलं असतं. त्या घरात जेवलेला एखादा बाहेरचा माणूस द्या, असं बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. असा कोणी नाही, हे मामांचं ठरलेलं उत्तर.

मुदत संपत आली असताना एकदा बाईंच्या कचेरीत चहा पिताना आम्ही जुन्या गोष्टी काढल्या आणि कल्हईचा विषय निघाला. बाईंनी पेला खाली ठेवला.

"हा नुसरेत कोण?"

"आमचा किरीव."

"म्हणजे बाहेरचाच की."

मामा भडकले. "बाहेरचा? माझ्या पोराची सुंता त्याच्या मांडीवर झाली. आमच्या दोन घरांत सोयरीकसुद्धा चालत नाही, एवढं सख्खं नातं. त्याला कोर्टात ओढू? त्याचा मुलगा सरकारी नोकरीत आहे."

बाईंनी मामांना न विचारता एलाझीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं नुसरेत आला. कचेरीच्या दारातूनच मामांवर बरसला, "वर्षानुवर्षं तुझं जळकं पिलाफ गिळलं, आणि घर जळल्याचं मला वकिलाकडून कळतं? लाज वाटते का थोडी?"



मग नुसरेतनं बाईंना सगळं नीट सांगितलं: उंबऱ्याचा चिरलेला दगड, भिंतीतलं चुलाण, स्वतः कल्हई केलेला मोठा हंडा. बाई लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "अर्जदार तुमचे कोण लागतात?"

 किरीवचं नातं सांगितलं असतं तर साक्ष हलकी पडली असती.

"रक्तानं कोणी नाही," नुसरेत म्हणाला. "एवढंच लिहा. बाकीचं विचारू नका."

मामा उठून चहा सांगायला बाहेर गेले. चहा टेबलावर होताच.

अर्ज मुदतीत पोचला. सरकारचं म्हणणं, असं घर नव्हतंच. निकाल यायला बरीच वर्षं लागली, आणि तो मामांच्या बाजूनं लागला. झेलालबाईंनी तो वाचून दाखवला. नात्यात नसलेल्या साक्षीदाराच्या तपशीलवार साक्षीमुळे घराचं अस्तित्व न्यायालयानं मान्य केलं होतं. नुसरेत आदल्याच हिवाळ्यात वारला होता.

"'नात्यात नसलेला' हे चूक लिहिलंय," मामा म्हणाले. "बदलता येतं का?"

बाई थकल्या होत्या. "निकाल पटला नाही तर तीन महिन्यांत अर्ज करता येतो, मामा. पण आपण जिंकलोय."

 मामांनी विचारलं, तीन महिने आजपासून धरायचे, की निकालाच्या तारखेपासून?